आमची वाटचाल : पंप, नोझल आणि अण्णांची मॉरिस

वडिलांनी सोलापुरात सात रस्त्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल गाड्यांच्या पंप-नोझलचं, म्हणजे इंजिनाला डिझेल मापून फवारणाऱ्या भागांचं, काम सुरू केलं. हैदराबाद रोडचे ट्रक, विजापूरकडचे टेंपो, गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर. घर झालं, पोरं शिकली. त्या वर्षांबद्दल एवढं पुरे.

लिहायचंय ते कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरने फवारा ठरवणारी नवी डिझेल सिस्टिम, आल्यानंतरचं. २०१७ ला गाड्यांच्या धुराचा बीएस-फोर नियम देशभर लागू झाला, २०२० ला बीएस-सिक्स. नव्या गाड्यांतून आमचा इनलाइन पंप (एका ओळीत, सिलिंडरमागे एक प्लंजर म्हणजे दट्ट्या) गेला. आमच्याच शेडमध्ये एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याच्या नळीची जोडी, बसवायला शिकलेल्या एकाने बरोबर समोर एसी दुकान थाटलं, कॉमन रेलचं बेंच (पंप तपासायचं मशीन) आणलं. आणलं तर आणलं, धंदा आहे. पण गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "काकांचं बेंच आता भंगारात घालायचं." आमच्या हाताखालची दोन पोरं त्याच्याकडे कामाला गेली. बँकेनं कर्ज नाकारलं. शेड विकायचा कागद तयार झाला, सही तेवढी राहिली होती.

त्याच दिवसांत अण्णा आले. चादरीचा कारखाना, वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या जनरेटरचा पंप आमच्याशिवाय कुणी उघडलेला नाही. घरी त्यांच्या वडिलांची मॉरिस मायनर, जुनी इंग्लिश कार, ९४८ सीसी, एसयू कंपनीच्या एका कार्बोरेटरवर चालणारी. अण्णांनी गोणपाटातून एक पंप काढून टेबलावर ठेवला : कुगेलफिशर कंपनीचा पेट्रोल फवारणारा, चार प्लंजरचा, बीएमडब्ल्यूच्या '२००२ टीआयआय' या जुन्या मॉडेलचा, जर्मनीतल्या भाच्याने मिळवलेला.

"मिस्त्री, कार्बोरेटर काढायचा, हा बसवायचा."

"अण्णा, खर्च?"

"तुम्हाला विचारलं का मी?"

डिझेल पंप खोललेल्या माणसाला हा पंप निम्मा ओळखीचाच. प्लंजर, व्हॉल्व्ह, पाईप, नोझल सगळं आहे. पण डिझेल मुळात तेलकट, एलिमेंटला वंगण तेच. पेट्रोल कोरडं, म्हणून या पंपाला इंजिन ऑइलची लाईन द्यावी लागते. डिझेलचं नोझल शंभर-दोनशे बारला उघडतं, हे तीसच्या थोडं पुढे. डिझेल पंपात माप ठरवते ती दातेरी पट्टी, रॅक; तिच्या जागी इथे आत शंकूसारखा कॅम. थ्रॉटल आणि इंजिनाचा वेग मिळून त्याला फिरवतात, सरकवतात, आणि त्याच्या चढउतारावर पेट्रोलचं माप ठरतं. तो शंकू दोन लिटरच्या इंजिनाचा, आपलं इंजिन त्याच्या निम्म्याहून लहान. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरकडून नवा करून घेतला. ऑइलस्टोनने घासायचा, बेंचवर लावायचा, मोजनळ्या बघायच्या, पुन्हा घासायचा. भंगार म्हटलेल्या त्याच बेंचवर, बरं का. (बेंचवर पेट्रोल कधी घालू नका. कॅलिब्रेशन ऑइलच. शेड जळाल्यावर पंप कुणाला दाखवणार?)

खरी मेख हेडमध्ये होती. मॉरिसला चार सिलिंडर, पण इनलेट पोर्ट (हवा-पेट्रोल आत जायची वाट) दोनच : एक-दोनला मिळून एक, तीन-चारला मिळून एक. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम, १-३-४-२. म्हणजे दोन नंबर ओढतो, लगेच मागून एक नंबर ओढतो, मग तो पोर्ट बराच वेळ गप्प. सतत फवारणारी सिस्टिम लावली तर त्या वेळात साचलेलं पेट्रोल दोन आणि तीन नंबरच पिऊन टाकतात, कडेचे उपाशी. आपला पंप प्रत्येक सिलिंडरला वेळेवर फवारा देतो, म्हणून तर तो घ्यायचा. क्रँकच्या दोन फेऱ्यांना पंपाची एक, टूथ बेल्टवर. एकेक दात सरकवत टायमिंग धरलं. सुरुवातीला मधले प्लग काळे (पेट्रोल जास्त), कडेचे पांढरे (पेट्रोल कमी). शेवटी चारही विटकरी, म्हणजे बरोबर मापाचे, निघाले, तेव्हा अण्णांनी पेढ्यांचा बॉक्स आणला आणि टर्नरला आधी दिला. ते मला आवडलं.

मे महिन्यात पाईपमध्ये पेट्रोलची वाफ व्हायला लागली. सोलापूरचं ऊन ते. विजेचा फीड पंप टाकीजवळ नेला, जादा पेट्रोल रिटर्न लाईनने टाकीत सोडलं, लाईन सायलेन्सरपासून लांब घेतली. आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला माप सहा-सात टक्के वाढवून ठेवा, जुने रबरी सील आधी बदला. इथेनॉल आपल्याच उसाचं असलं तरी सीलला त्याचं काय!

गाडी रस्त्यावर आली तशी समोरच्याने तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढला आणि बोर्डवर लावला, खाली 'सर्व प्रकारचे इंजेक्शन'. बोर्ड अजून आहे. अण्णा म्हणतात, सोडा. मी सोडलेलं नाही.

शेड मात्र विकली नाही. आता पुण्या-कोल्हापूरचे जुन्या गाड्यांचे शौकीन पंप पाठवतात. पाठवताना सगळी तोंडं टोप्या लावून बंद करा, पाईप जोडणाऱ्या पोकळ बंजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवेच घ्या, चारही पाईप एका लांबीचे ठेवा. आणि आधी समोर दाखवून मग आमच्याकडे येऊ नका. दुसऱ्याने उघडलेला पंप आम्ही घेत नाही.