माणसं पुरेशी आहेत

रविवार, रात्री उशिरा

संध्याकाळी आमच्या डोंगरातल्या बचाव पथकाच्या ग्रुपवर मेसेज पडला. विसापूर किल्ल्याच्या पायऱ्यांच्या वाटेवर एक मुलगा घसरलाय, पाय मोडला असावा, पाऊस चालू आहे, कोण कोण निघतंय? खाली धडाधड उत्तरं. 'निघालो.' 'स्ट्रेचर घेतो.' 'मळवलीला थांबतो.' उद्या सकाळी मेकॅनिक्सची इन-सेम, त्यासाठी पहाटेची पुणे लोकल. मी काही लिहायच्या आतच पथकाची माणसं निवडणाऱ्या दादाचा मेसेज : 'तू पेपर दे. माणसं पुरेशी आहेत.'

हायसं वाटायला हवं होतं. आला राग. पुरेशी आहेत म्हणजे काय, मी नसलो तरी भागतं? आई म्हणाली, "बरं झालं, जेव आता." जेवलो. पण फोन ताटाशेजारीच.

दादाचं गणित मला माहीत आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वर जायला गाडीरस्ताच नव्हता. पावसात, चिखलातून चढायचं आणि वर पोचल्यावर हातांनी माती उपसायची. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी त्या चढणीवरच हृदयविकाराच्या झटक्याने गेले. दादा आजही माणसं निवडताना आधी विचारतो, झोप झालीय का, पोटात काही आहे का. परीक्षेसाठी जागलेला पोरगा त्याच्या लेखी अर्धा पेशंटच. स्ट्रेचर उचलायला सहा जण लागतात, निसरड्या उतारावर त्यातल्या एकाचा पाय गेला की सगळेच जातात. हे मला पटतं. पटलं तरी घरी बसणं जमत नाही, ती वेगळी गोष्ट.

पुस्तक उघडलं तर समोर लॅमीचं प्रमेय, तीन बलं समतोलात असली की कोनांवरून ताण काढायचं. गेल्या महिन्यात सर ते फळ्यावर शिकवत होते आणि मला मात्र ड्यूक्स नोजच्या कड्यावरचा दोराचा सराव दिसत होता. कड्यात मारलेल्या दोन बोल्टांना स्लिंग, म्हणजे मजबूत पट्टा, लावून मधोमध दोर अडकवायचा. दोन्ही बाजूंमधला कोन ६० अंश असेल तर प्रत्येक बोल्टवर वजनाचा साधारण ५८ टक्के ताण येतो. तोच १२० अंश झाला की प्रत्येकावर पूर्ण वजन, म्हणजे दोन बोल्ट मारून फायदा शून्य. दादा नेहमी ओरडतो, "कोन कमी कर रे, स्लिंग लांब घे!" त्याचं गॅरेज आहे, प्रमेयाशी त्याचा संबंध नाही. मी वहीत काढून दाखवलं तर म्हणाला, "मग? मी काय वेगळं सांगत होतो?" उद्या हा प्रश्न आला तर सोडणार नाही, बाकी देवाक काळजी.

खरी कटकट हजेरीची. एनसीसीवाल्यांना, खेळाडूंना पत्र दाखवलं की सूट मिळते. रात्रभर दरीत उभं राहून सकाळच्या प्रॅक्टिकलला डुलक्या काढणाऱ्यासाठी मात्र कुठला फॉर्म नाही. मॅडमना एकदा सांगितलं, तर त्यांनी कौतुक केलं आणि गैरहजेरी लावली. नियमाने त्यांचंही बरोबरच. पण पावसाळा आणि पहिलं सत्र एकाच वेळी येतात, त्याला मी काय करू? रविवारी अख्खं पुणं-मुंबई आमच्या डोंगरात भिजायला येतं आणि सोमवारी मला सबमिशन.

आत्ताच मेसेज आला. मुलाला खाली आणलं, रुग्णवाहिकेत घातलं, शुद्धीवर आहे. पाठोपाठ दादाचा वेगळा, फक्त मला : 'पेपर झाला की थेट ये. दोर चिखलाने भरलेत.'

म्हणजे उद्याची दुपार ठरली. साध्या पाण्यात धुवायचे, सावलीत वाळवायचे, उन्हाने नायलॉन खराब होतं. मग इंच इंच बोटांमधून सरकवत बघायचं, आतली गाभ्याची दोरी कुठे मऊ पडलीय का. खडीचा एक बारीक कण आत शिरला तरी तो धागे कापत राहतो. हे काम मला कुणी दिलं की बरं वाटतं.

लॅमी झालं. आता फ्रिक्शन.