भिंगाचं नाभीय अंतर मोजायला सपाट आरसा

बहिर्वक्र भिंगाचं नाभीय अंतर (समांतर किरण भिंगातून गेल्यावर जिथे एकत्र येतात त्या बिंदूचं, म्हणजे नाभीचं, भिंगापासूनचं अंतर) काढायची शाळेतली रीत सगळ्यांना ठाऊक असते: दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर पाडायची आणि भिंग ते कागद अंतर मोजायचं. पण ‘दूर’ म्हणजे किती? नाभीय अंतर १० सेंमी असेल आणि वस्तू ५ मीटरवर, तर प्रतिमा १०.२ सेंमीवर पडते. वस्तू २ मीटरवर असेल तर १०.५ सेंमीवर. खोलीतल्या खोलीत मोजलं की ५ टक्के चूक ठरलेलीच.

त्यापेक्षा सपाट आरसा घ्या. पुठ्ठ्याला ५ मिमीचं त्रिकोणी भोक पाडा, त्यावर एक केस आडवा चिकटवा आणि मागून ट्रेसिंग पेपर लावून टॉर्चचा उजेड सोडा. पुढे भिंग आणि भिंगाला जवळजवळ टेकवून आरसा. दोन्ही मिळून पुढेमागे सरकवा. एका जागी पुठ्ठ्यावरच, भोकाच्या शेजारी, त्रिकोणाची उलटी आणि तेवढ्याच आकाराची प्रतिमा उमटते. केस रेखीव दिसला की पुठ्ठ्यापासून भिंगाच्या मध्यापर्यंत मोजा. तेच नाभीय अंतर.

असं का होतं? नाभीच्या प्रतलातल्या एका बिंदूतून निघालेले किरण भिंगातून समांतर बाहेर पडतात. सपाट आरसा त्यांना समांतरच परत पाठवतो आणि भिंग त्यांना पुन्हा त्याच प्रतलात एकत्र आणतं.

इथे फसायची एक जागा आहे. भिंगाचे स्वतःचे पृष्ठभागही थोडा प्रकाश परावर्तित करतात, आणि त्यातून वेगळ्याच अंतरावर एक फिकट प्रतिमा मिळते. आरशावर कागद धरा: प्रतिमा गेली नाही, तर ती आरशाची नव्हे. आरसा जरासा कलता केला की खरी प्रतिमा बाजूला सरकते.

भिंग जाड असेल तर ‘मध्य’ नेमका कुठे धरायचा हा प्रश्न उरतो. मग वस्तू आणि पडदा ८० सेंमी अंतरावर पक्के करा आणि फक्त भिंग सरकवा. स्पष्ट प्रतिमा दोन जागी मिळेल, एकदा मोठी, एकदा लहान. त्या दोन जागांमधलं अंतर ४० सेंमी आलं, तर नाभीय अंतर (८०² − ४०²) ÷ (४ × ८०) = १५ सेंमी. पडदा वस्तूपासून नाभीय अंतराच्या चौपटीहून जवळ असेल, तर प्रतिमा कुठेच मिळत नाही. पुष्कळ जण इथे भिंगालाच दोष देतात.

प्रतिमेच्या कडा धूसर वाटल्या तर भिंगापुढे मधोमध भोक असलेला काळा कागद लावा. काठाजवळचे किरण मधल्या किरणांपेक्षा अलीकडे एकत्र येतात, ते अडले की प्रतिमा सुधारते. प्रकाश कमी होतो, पण प्रतिमा कापली जात नाही, कारण भिंगाचा प्रत्येक भाग अख्खी प्रतिमा तयार करत असतो. अर्धं भिंग झाकूनही हे पडताळता येतं, आणि प्रतिमा कशी बनते हे यातून जितकं उमगतं तितकं किरणाकृतींतून क्वचितच.

काठाला लाल-निळी किनार दिसली तर मात्र कागदाने ती पुरती जात नाही. काच निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा जास्त वळवते. परावर्तनात रंगानुसार असा फरक पडत नाही, म्हणूनच न्यूटनने १६६८ मध्ये दुर्बिणीत मुख्य भिंगाऐवजी अंतर्गोल आरसा बसवला. अंतर्गोल आरसा मोजणं तर अजून सोपं: तोच त्रिकोण आरशासमोर धरा, शेजारी तेवढीच उलटी प्रतिमा मिळाली की आलेल्या अंतराचं निम्मं करा.