शून्य एरर आणि कालव्यातली विहीर

आम्ही दोघं, एक स्कॅनर आणि दोन संगणक. सुरुवातीला कंपनी म्हणजे एवढंच. कागदी नकाशे स्कॅन करायचे, जिओरेफरन्स करायचे (म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायचे) आणि रस्ते, नाले, विहिरी माउसने गिरवत बसायचं.

पहिल्याच मोठ्या कामात आपटलो. १:५०,०००च्या शीटला तीन कंट्रोल पॉइंट, म्हणजे खरी जागा माहीत असलेले बिंदू, दिले आणि आरएमएस एरर, म्हणजे जुळणीतली सरासरी चूक, आली चक्क शून्य! आम्ही खूश. अफाइन पद्धतीत (नकाशा सरकवून, फिरवून, ताणून बसवायचा) तीनच पॉइंट दिले की एरर शून्य येणारच, पडताळायला चौथा उरतच नाही, हे डोक्यातच आलं नाही. शीट घड्या पडून ताणलेली, ते वेगळंच. वर भरपूर झूम करून गिरवलं, म्हणजे काम बारीक होईल! त्या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. झूम करून ते कमी होत नाहीत. ग्राहक जीपीएस घेऊन जागेवर गेला, तर आमची विहीर कालव्यात. सगळं काम पदरमोड करून पुन्हा करून दिलं.

तेव्हापासून कोटेशनच्या आधी एकच विचारतो: दहा मीटर इकडेतिकडे झालं तर तुमचं काय बिघडेल? पीकक्षेत्र बघायचं असेल तर काही बिघडत नाही. सेंटिनेल-२ उपग्रहांची १० मीटरच्या पिक्सेलची इमेज फुकट मिळते. जुनी परिस्थिती हवी तर लँडसॅट उपग्रहांच्या जुन्या इमेज आहेत, त्याही २००८पासून मोफत झाल्या. पाइपलाइन टाकायची असेल तर मात्र आरटीके (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस) घेऊन माणूस उन्हात उभा करावाच लागतो. खर्च ऐकून लोक नाक मुरडतात, मुरडू देत.

उंचीच्या डेटाने सगळ्यात जास्त छळलं. एसआरटीएम हा फेब्रुवारी २०००मधल्या अकरा दिवसांचा रडार डेटा. दाट झाडीत त्यात जमिनीची नाही, बरीचशी झाडांचीच उंची येते. तो तसाच वापरला आणि आमचा ओढा चढावर वाहायला लागला.

पुढे ड्रोन घेतला. पण विहीर कोरडी आहे की चालू, हे ड्रोनला वरून कळत नाही, त्यामुळे फील्डची पोरं कमी केली नाहीत. प्रत्येक लेयरला (रस्ते, विहिरी अशा नकाशातल्या एकेका थराला) स्रोत, प्रमाण आणि तारीख असे तीन कॉलम सक्तीचे केले. आता शीटला किमान दहा पॉइंट देतो, त्यातले तीन फक्त तपासणीला बाजूला ठेवतो आणि एररचा आकडा फारच गोड दिसला, तर फाइल परत पाठवतो.