सगळ्यालाच सात

"तुझं काय बे, तुझं सगळ्यालाच सात असतंय."

पम्या एवढंच बोलला आणि भजीच्या प्लेटकडं वळला. रागानं नाही, टोमणा म्हणून पण नाही, एखाद्याला चहात साखर कमी लागते हे आपण जसं सहज सांगतो तसं. सगळे हसले, मी पण हसलो. अण्णानं वरून "सात रस्त्याला राहतो की तो, तिथंच अडकलाय" असं जोडलं (सात रस्ता हा आमच्या सोलापुरातला चौक) आणि खरं सांगायचं तर जोक चांगला होता, दुसऱ्या कुणावर असता तर मीच सगळ्यात जास्त हसलो असतो. पण घरी आलो, जेवलो, गच्चीवर अंथरूण टाकलं तरी ते वाक्य काय जाईना. म्हणून लिहितोय.

आम्ही मित्र अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघतो आणि दर सीझन संपला की पार्क चौकात बसून त्यांना मार्क द्यायचे हे ठरलेलंय. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जपानात वर्षातून चारदा नवा माल सुटतो, साधारण बारा-तेरा एपिसोडचा एकेक लॉट. मार्च संपला की त्यांचा हिवाळ्याचा सीझन संपतो, आपल्याकडं तोवर दुपारी चौकात कुत्रं दिसत नाही. चालू सीझनचंच पाहिजे असं काय नाही, जुनं बघितलं असेल तरी चालतं. नियम एकच, दहापैकी आकडा आधी सांगायचा, कारण नंतर. कारण आधी सांगायला लागलं की माणूस गोल गोल फिरतो असं अक्काचं म्हणणं. आता वाटतंय तो नियम माझ्याचसाठी काढला होता की काय.

तर अक्कानं अ‍ॅपोथेकरी डायरीजला नऊ दिले. ती स्वतः मेडिकलमध्ये बसते त्यामुळं तिचं प्रेम समजू शकतो, त्यातली माओमाओ पहिल्याच एपिसोडमध्ये ओळखते की राजवाड्यातली तान्ही बाळं तोंडाला लावायच्या पावडरीतल्या विषानं मरत आहेत, आणि इथं अक्काला दिवसभर लोक चिठ्ठी न दाखवता "ती पांढरी गोळी द्या" म्हणतात. धाकट्यानं सोलो लेव्हलिंगला दहा दिले. त्याचं सगळ्यालाच दहा असतं, पण त्याला कुणी काय बोलत नाही, हे लक्षात घ्या. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, तेलुगू डब लावून आजीसकट सगळे बघतात म्हणे, आजीला त्यातल्या हिरोची सावल्यांची फौज लै आवडली.

मग पम्या. विनलँड सागाचा दुसरा सीझन, दहा. तिथून भांडण सुरू. अण्णानं चौथ्या एपिसोडला सोडून दिलेलं. पहिल्या सीझनला तलवारी, सूड, रक्त, आणि दुसऱ्याला २४ एपिसोड गुलाम होऊन दुसऱ्याच्या शेतात झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, गहू पेरायचा. "शेतीच बघायची तर मी मंगळवेढ्याला जातो, येताना ज्वारी तरी आणीन," असं म्हणून अण्णानं चार दिले. पम्या पेटला. ज्याला सगळं आयुष्य मारामारीशिवाय काय येत नव्हतं त्याला पहिल्यांदा कायतरी उगवताना दिसतं, त्यात तुला शेती दिसली का बे, वगैरे. शेजारच्या गाडीवरची माणसं बघायला लागली. मला मनातून पम्याचं पटत होतं. बोललो नाही मी.

आणि मग माझी पाळी. मुशिशी, सात.

त्यावर ते वाक्य.

घरी येऊन यादी उघडली. मायअ‍ॅनिमेलिस्टवर कॉलेजपासूनची आहे, त्या साइटवर लोक बघितलेल्या मालिकांची यादी ठेवतात आणि दहापैकी मार्क देतात. खाली सरकवत गेलो, सात, सात, सात, मधेच एखादा आठ, परत सात सात. बोची द रॉकला सात. फ्रिएरेनला सात. दोन्हीच्या पहिल्या सीझनचा डायरेक्टर एकच, साइतो केइइचिरो, तर बरोबरच आहे म्हणा, माणसाला न्याय तरी सारखा मिळाला. दहा कशालाच नाही. एक पण कशालाच नाही. म्हणजे इतकी वर्षं बघतोय आणि माझ्या आयुष्यात ना काय थोर आलं ना काय भिकार आलं, असं ती यादी बघून कुणी पण म्हणेल.

मला हे इतकं का लागावं तेच कळेना. धाकटा जाताजाता म्हणाला, "सात म्हणजे मिडच की दादा." मिड म्हणजे मधलंच, सुमार, या पोरांना हा शब्द शिवीसारखा वापरता येतो. पण त्या साइटवर प्रत्येक आकड्याला नाव आहे, पाच म्हणजे अ‍ॅव्हरेज, सहा फाइन, सात गुड. गुड! दहाला मास्टरपीस म्हणतात. म्हणजे माझं सगळं गुड आहे, तर चुकलं कुठं? आपल्याकडच्या हिशेबानं ३५ ला पास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन, त्यात सात म्हणजे फर्स्ट क्लास, पण डिस्टिंक्शन हुकलेलं. माझं बारावीला... जाऊ दे ते.

लोक या आकड्यांसाठी काय काय करतात. फुलमेटल अल्केमिस्ट ब्रदरहूड, ६४ एपिसोड, २००९ चं, किती वर्षं त्या साइटवर पहिल्या नंबरला बसलेलं. फ्रिएरेननं त्याला खाली ढकललं तर त्याचे भक्त जाऊन फ्रिएरेनला एक-एक मार्क देऊन आले, न बघता. साइटवाले पण हुशार, पाचवा हिस्सा तरी बघितल्याशिवाय आकडा धरतच नाहीत. पण विचार करा, त्या माणसाला आपल्या आवडत्या गोष्टीबद्दल इतकं वाटतं की तो दुसऱ्याच्या आवडत्या गोष्टीला दगड मारायला रात्री उठतो. मूर्खपणाच आहे. तरी काल रात्री मला त्याचा हेवा वाटला. मला कशासाठी तरी उठावंसं वाटलंय का कधी? कुणी विचारलं काय खायचं तर कायपण चालेल. कुठं जायचं तर तुम्ही ठरवा. पम्या पुण्याला जायचं म्हणतोय पुढच्या महिन्यात, नोकरी बघतोय, त्यावर पण मी "चांगलंय की" म्हणलो. सात.

परवा कुर्डुवाडीहून आल्यावर आईनं विचारलं, कशी वाटली. मी म्हणलो चांगली आहे.

तो विषय इथं नको.

बरं, मला ठरवता येत नाही असं म्हणावं तर पोटापाण्याचा धंदाच तो आहे. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात माल तपासत दिवसभर मी दुसरं काय करतो? टेबलावर टॉवेल पसरायचा, वर ट्यूबलाइट, हात फिरवायचा, तेलाचा डाग, सुटलेला धागा, ओढलेली पाईल, वाकडी किनार. फ्रेश, म्हणजे निर्दोष, की सेकंड. बास, दोनच गठ्ठे. तिथं सात नसतंय. सेकंड म्हणलं की त्या मालाची किंमत पडते, सुपरवायझर येऊन तोंड वाकडं करतो, मागाच्या माणसाला बोलणी बसतात, तरी माझा हात अडत नाही. तिथं मला सगळे कडक म्हणतात. हा कडक माणूस सुट्टीच्या दिवशी पार्कला येऊन सात सात करत बसतो, हे कारखान्यात कळलं तर काय इज्जत राहील.

मग वाटलं कदाचित त्यामुळंच असेल. सहा दिवस जी गोष्ट समोर येईल तिच्यात खोट शोधायची, आणि मुशिशी लावलं की हात फिरवावासाच वाटत नाही. पण हे कारण पण फार सोयीचं आहे, मला माहितेय.

आज दुपारी अक्काचा फोन आला, दुसऱ्याच कामाला, त्यात बोलता बोलता ती म्हणाली, पम्यानं विनलँड दीडच्या स्पीडनं बघितलंय. मी दोनदा विचारलं. दीडच्या. त्यालाच सांगताना तिनं ऐकलं, डबल शिफ्ट होती, वेळ नव्हता, म्हणून वन पॉइंट फाइव्हवर टाकून संपवलं. म्हणजे ज्या सीझनची सगळी गंमत हळू चालण्यात आहे, ज्याच्यासाठी अण्णाचा भर चौकात उद्धार झाला, तो याच्या मोबाइलवर दीडपट पळत होता. गहू पण दीडपट वेगानं उगवला असेल. आणि तो शेवटाकडचा सीन, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी पुढचं वाक्य सोडा, थॉरफिन, तोच गुलाम झालेला हिरो, एक पण हात न उचलता शंभर बुक्के खातो, ते शंभर बुक्के यानं दीडच्या स्पीडनं बघितले. मारणारा पण दमला नसेल इतक्यात. मी एकटाच किचनमध्ये उभा राहून हसत होतो, आई बघायला आली.

त्याचं दहा खोटं आहे असं नाही म्हणत मी. तो पार्कला जे बोलला ते पोटातून होतं, ते माझ्यानं सात जन्मात झालं नसतं. फक्त आपला आकडा आणि आपलं बघणं या दोन गोष्टींचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो असं आज वाटायला लागलंय.

कारण मुशिशीचं सांगतो. २६ एपिसोड, २००५-०६ चं. एक पांढऱ्या केसांचा माणूस, गिंको, गावोगाव फिरतो, मुशी म्हणजे झाड पण नाही, जनावर पण नाही असले जीव, ते माणसांना बाधतात आणि हा जमेल तेवढं बरं करून पुढं जातो. त्याला एका जागी राहता येत नाही, तो थांबला की मुशी त्याच्याभोवती गोळा होतात. प्रत्येक गोष्ट वेगळी. पहिल्याच एपिसोडमध्ये एक पोरगं आहे, डाव्या हातानं जे काढेल ते जिवंत होतं, चित्र सोडा, लिहिलेलं अक्षर पण उठून चालायला लागतं. मी हे रोज एकच बघायचो. दोन बघायची सोय असून एकच. ओपनिंग न कापता, शेवटचं म्युझिक संपेपर्यंत, आणि ते शेवटचं म्युझिक प्रत्येक एपिसोडला वेगळं आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मला कळलं. शेवटचे काही एपिसोड पुरवून पुरवून बघितले. आणि पार्कला पाळी आल्यावर काय म्हणलो? सात. का, तर दहा म्हणलं असतं तर कारण सांगायला लागलं असतं, मग अण्णा म्हणला असता त्यात घडतं काय बे, मग पम्या माझ्या बाजूनं भांडला असता, आणि पाच मिनिटांत तो गिंको भजीच्या प्लेटीत पडला असता. मला ते नको होतं. सात म्हणलं की कुणी खोदत नाही. पुढच्याकडं वळतात.

म्हणजे माझी सातं पण सगळी एक नाहीत की. काही खरंच बरं होतं, टाइमपास झाला असली. आणि काही ही असली, झाकून ठेवलेली. यादीत दोन्ही सारखीच दिसतात, मला मात्र त्यातलं कुठलं सात कसलं ते न बघता सांगता येतं. मग लोकांना नाही कळलं तर नाही कळलं. मायअ‍ॅनिमेलिस्टवर अर्धा मार्क देता येत नाही नाहीतर यांना साडेसात करून वेगळं काढलं असतं, पण मग अण्णा साडेसाती म्हणून मोकळा झाला असता, त्यापेक्षा हे बरंय.

फ्रिएरेनचा पहिला एपिसोड आत्ता परत लावला होता. फ्रिएरेन म्हणजे हजार वर्षांच्या वर जगलेली एल्फ, माणसापेक्षा कितीतरी जास्त जगणाऱ्या जातीची, त्यात हिमेल नावाचा वीर आणि बाकीच्या सोबत्यांबरोबर काढलेली दहा वर्षं, तिच्या लेखी ती काय, चिल्लर. निरोप घेऊन जाते ती ५० वर्षांनी उगवते, तो म्हातारा झालेला, आणि लवकरच जातो. त्याच्या अंत्यविधीला ही उभी, लोक कुजबुजतात हिला काहीच वाटत नाही का, आणि मग ती रडायला लागते, की माणसं थोडीच जगतात हे माहीत असून मी याला जाणून का नाही घेतलं. आधी बघितलं तेव्हा मला वाटलेलं केवढी थंड बाई. आज वाटलं, तिनं पण त्या दहा वर्षांना सातच दिले होते. हिमेलला ते सात कुठलं ते बहुतेक कळलेलं होतं, पण असे हिमेल किती जणांना भेटतात, आणि ५० वर्षं कुणाकडं आहेत.

पम्याला सांगावं का हे? नको. दीडच्या स्पीडवर टाकेल.

खालून आईचा आवाज आला, पाणी आलंय, आज आपल्या भागाचा दिवस आहे हे मी विसरलोच होतो, मोटर लावायला उठलं पाहिजे नाहीतर टाकी अर्धीच राहील. आणि ती आत्ता जिन्यातून अजून एक म्हणाली, कुर्डुवाडीवाल्यांचा परत फोन आलेला, उद्या सकाळी त्यांना काय ते नक्की कळवायचंय, नुसतं चांगली आहे म्हणून चालणार नाही.