एर्मूपोली: निर्वासितांनी उभारलेलं बंदर

आमचं जहाज ग्रीसमधल्या सिरोस बेटावरच्या निओरिओ या जहाजदुरुस्तीच्या यार्डात फ्लोटिंग डॉकवर, म्हणजे जहाज पाण्याबाहेर उचलणाऱ्या तरंगत्या गोदीवर, चढलं होतं. प्रोपेलर उतरवायचा, स्टर्न ट्यूबची (प्रोपेलरचा दांडा जहाजाबाहेर जातो त्या नळीची) सील बदलायची. माझ्यासारख्या सेकंड इंजिनिअरला अशा वेळी दिवसा मान वर करायला मिळत नाही. पण संध्याकाळी यार्डाच्या फाटकातून बाहेर पडून बंदराच्या कडेनं चालत राहिलं की थेट गावात, एर्मूपोलीत. ज्या संध्याकाळी जमलं त्या प्रत्येक संध्याकाळी मी गेलो.

ग्रीसचं बेट म्हटल्यावर पांढरी घरं आणि निळे घुमट मनात येतात. इथे ते जवळजवळ नाहीत. इथे पिवळसर, गुलाबी रंगाच्या दोन-तीन मजली हवेल्या, लोखंडी कठडे आणि पायांखाली संगमरवर आहे. चक्क रस्ते संगमरवराचे. आणि हे सगळं राजामहाराजांनी नाही, घरदार गमावून आलेल्या माणसांनी बांधलंय. मला या गावाविषयी सांगायचंय ते हेच.

बंदराच्या वर एका टेकडीवर आनो सिरोस आहे, व्हेनिसच्या अंमलापासूनची कॅथलिक वस्ती. तिला फ्रान्सचं संरक्षण होतं, त्यामुळे 1821 मध्ये ग्रीकांनी तुर्की सत्तेविरुद्ध उठाव केला तेव्हा ही वस्ती तटस्थ राहिली आणि बेट वाचलं. पुढच्याच वर्षी खिओस बेटावर कत्तल झाली, 1824 मध्ये प्सारा आणि कासोस उद्ध्वस्त झाली. तिथून आणि स्मिर्नाकडून (आजचं तुर्कस्तानातलं इझमीर) जीव वाचवून आलेले लोक टेकडीखालच्या ओसाड किनाऱ्यावर उतरले. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते, जहाजं बांधणारे होते. 1826 मध्ये त्यांनी गावाला नाव दिलं ते व्यापाराच्या देवाचं, हर्मीसचं: एर्मूपोली म्हणजे हर्मीसचं शहर. काही दशकांतच हे ग्रीसचं सर्वांत मोठं व्यापारी बंदर झालं. निओरिओ यार्ड 1861 चं. आमचं जहाज जिथे उभं होतं तिथे इतकी वर्षं जहाजांची डागडुजी चाललीय, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

मियाऊली चौकातली नगरपालिकेची इमारत एर्न्स्ट त्सिलर या वास्तुविशारदाची. ती 1876 ते 1898 अशी बांधली गेली. म्हणजे बांधायला घेतली तेव्हाचे बरे दिवस ती पुरी होईतो ओसरत चालले होते. अथेन्सचं पिरियस बंदर पुढे गेलं, 1893 मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाला आणि जहाजांना पिरियसला जायला जवळची वाट मिळाली. तरी लोकांनी काम सोडलं नाही. तिच्या पायऱ्यांवर संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळतात, आज्या बाकांवर बसून त्यांना ओरडतात. मागे 1864 चं अपोलो नाट्यगृह आहे. लाकडी सज्जांच्या ओळी एकावर एक, छतावर चित्रं. बंदरातल्या माणसांना नाटक-संगीत हवंसं वाटलं आणि त्यांनी ते उभं केलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

किमिसी चर्चमध्ये एल ग्रेको या प्रख्यात चित्रकारानं ऐन तारुण्यात, क्रीट सोडण्याआधी रंगवलेलं मेरीच्या निर्वाणाचं चित्र आहे. त्यावरची सही लोकांच्या लक्षात आली ती 1983 मध्ये. तोवर भाविक त्याच्यासमोर नुसत्या मेणबत्त्या लावत होते.

आनो सिरोसला गाडी वरपर्यंत जात नाही, पाखाड्या चढायच्या. मी हर्णैचा, मला चढाचं काही वाटलं नाही. वर सेंट जॉर्जचं कॅथीड्रल, समोरच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्सांचं पुनरुत्थानाचं चर्च. इथले कॅथलिक ईस्टर ऑर्थोडॉक्स तारखेलाच पाळतात, दोन्ही टेकड्यांचा सण एकाच दिवशी. याच गल्ल्यांत 1905 मध्ये मार्कोस वाम्वाकारिस जन्मला. पोरवयातच पिरियसला गेला, गोदीत हमाली केली, आणि बुझुकी या तंतुवाद्यावर रेबेतिको, म्हणजे ग्रीक शहरांतल्या गोरगरिबांच्या गाण्यांना घडवणारा माणूस झाला.

औद्योगिक संग्रहालय मात्र चुकवू नका. तिथे एनफिल्ड 8000 ही छोटी विजेवरची मोटार आहे. 1970 च्या दशकात ती याच बेटावर बनत होती! मी तिच्याभोवती बराच वेळ घुटमळलो.

पिरियसहून मोठ्या फेरीनं साधारण चार तास लागतात. सिरोसला उतरणारे बरेच जण मिकोनोसच्या वाटेवर असतात. त्यांनी इथे निदान दोन रात्री काढाव्यात. लुकुमी ही मिठाई घ्या, सान मिखाली चीज घ्या, आणि एक संध्याकाळ यार्डाच्या बाजूच्या धक्क्यावर जा. तिथून डॉकवर चढलेलं जहाज तळापासून दिसतं.