तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅप असताना तलावावर सोबत कशाला?

"ताई, मोबाइलवर पक्ष्याचं नाव येऊनच जाते नं, मग तुमच्यासोबत इतक्या पहाटे यायचं कायले?" थंडी सुरू झाली आणि नागपूरच्या गोरेवाडा तलावावर पक्षी बघायच्या फेरीची तारीख कळवली की हा प्रश्न येतोच. बहुतेक वेळा कॉलेजातली मुलं विचारतात, पण अलीकडे त्यांचे आईवडीलही विचारू लागलेत. म्हणून एकदा नीट उत्तर देते.

नाव अ‍ॅप सांगतं, अगदी खरं. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन माझ्याही फोनमध्ये आहे आणि झुडपात लपून बोलणाऱ्या लहान पक्ष्यांसाठी ते फार कामाचं आहे. तलावाच्या मध्यावर तरंगणारी बदकं मात्र दिवसा फारशी बोलत नाहीत. तिथे फोन गप्प राहतो. पण तेही कारण दुय्यम. नावं सांगायला मी कोणाला नेत नाही. मला दाखवायचा असतो तलावाचा काठ.

पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पोचल्यावर थोडा वेळ मी दुर्बिणी काढूच देत नाही. आधी पाणी कुठे खोल आहे ते सांगा, म्हणते. पाळीला लागून खोल, आणि पावसाचं पाणी ज्या बाजूने आत येतं तिथे जमीन हळूहळू चढत गेलेली, म्हणून उथळ. एवढं लक्षात आलं की मग दुर्बीण लावायची. पक्षी त्याच हिशेबाने बसलेले दिसतात. खोल पाण्यात बुडी मारणारे: पाणकावळे, टिबुकल्या, लालसरी. तलवार बदक बुडी मारत नाही. मान पाण्यात, शेपूट आभाळाकडे, आणि चोच तळाला पोचली की त्याचं जेवण सुरू. त्याला तेवढंच पाणी हवं. त्याच्याही अलीकडे लांब गुलाबी पायांचे शेकाटे चालत असतात, आणि नुसता ओला चिखल उरतो तिथे टिलवे, तुतवार, धोबी. चिखलाच्या एका पट्ट्यावर इतक्या तऱ्हेच्या चोची का, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. लांब चोचीला खोलातला किडा, आखूड चोचीला वरचा. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर ते उमटतं तेव्हा मला फार आनंद होतो.

पाणी चार बोटं उतरलं की हा सगळा मुक्काम सरकतो. म्हणून लोक डिसेंबर मागतात तेव्हा मी फेब्रुवारीही सुचवते. ऑक्टोबरात तलाव तुडुंब, काठ बुडालेला. पुढे पाणी ओसरत जातं, दर आठवड्याला नवा चिखल उघडा पडतो आणि काठावरची गर्दी वाढते. पट्टकादंब हंसही तोवर विदर्भातल्या तलावांवर असतात. मंगोलिया, तिबेटकडे वीण करणारे, हिमालय ओलांडून येणारे हे हंस. उडताना ७,००० मीटरहून अधिक उंचीवर त्यांची नोंद झाली आहे. एवढा प्रवास करून आलेला पक्षी दिवसा काय शोधतो, तर पाण्यालगतची मोकळी, उतरती जमीन, जिथे बसता येईल आणि दूरवरचा कुत्रा वेळेत दिसेल.

ही उतरती जमीन आपल्याकडे माणसांनीच तयार केली, हे मला विशेष वाटतं. पूर्व विदर्भातले माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजार जमीनदारांकडे असलेले गावतलाव, धानाला पाणी मिळावं म्हणून बांधले गेले. त्यात कोहळी समाजाचं कसब मोठं. एका बाजूला मातीची पाळ, बाकी तीन बाजूंना जमिनीचा नैसर्गिक उतार. त्या उतारावर देवधान, म्हणजे रानटी भात, उगवलं, ढिवरांना मासे मिळाले आणि पाखरं आली. गोरेवाडा आणि अंबाझरी हे तलाव नागपूर शहराला पाणी द्यायला बांधले, तरी रचना तीच.

आणि इथेच अडचण आहे. २०१७ च्या पाणथळ जागांच्या केंद्रीय नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी आणि करमणुकीसाठी खास बांधलेले जलाशय वगळले आहेत. आपल्या भागातले बहुतेक तलाव कुणीतरी कशासाठी तरी बांधलेलेच आहेत. त्यामुळे सुशोभीकरणाचा नकाशा आला की काठाची बाजू घेणारं कुणी नसतं. चारही बाजूंनी दगडी भिंत, वर फरशी, दिवे. पाणी तेवढंच राहतं, निळंशार दिसतं, फोटो छान येतात. टिलव्याला उभं राहायला जागा उरत नाही. पाणकावळा तेवढा राहतो.

ज्याने कधी काठ वाचलेला नाही, त्याला या भिंतीत काही खटकत नाही. ज्याने एका सकाळी का होईना, वाचलाय, त्याला खटकतं. फेरीला आलेल्यांचे नंतर फोन येतात की आमच्या वस्तीच्या तलावाचं काम निघालंय, काय करू? मी सांगते, काम थांबवायला जाऊ नका, नकाशा मागा. जिकडून पाणी आत येतं ती बाजू मातीची, उतरती ठेवा, एवढं लेखी द्या. फिरायची वाट पाळीवरून न्या, उथळ बाजूने नको. लव्हाळी सरसकट उपटू नका. जलपर्णी आणि बेशरमाची झुडपं जरूर काढा. अशी मागणी मोबाइलमधलं अ‍ॅप लिहून देणार नाही.

तर येत असाल तर उजाडण्याआधी या. कपडे मातकट रंगाचे, पांढरे नकोत. सुरुवातीला आपण पूर्वेच्या काठावर असू, म्हणजे ऊन पाठीशी राहतं आणि पक्ष्यांचे रंग दिसतात. बदकांनी माना वर केल्या की जिथे असाल तिथे थांबायचं. त्यांना उडवून काढलेला फोटो मी बघत नाही. दुर्बीण नसेल तर माझ्याकडे ८×४२ ची एक जास्तीची आहे. फोन आणा, फक्त आवाज बंद ठेवा.