सलाईनचं चाक आणि लाल स्टिकर

सांगलीत एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या सर्जिकल वॉर्डला आहे मी. नातेवाईकांनी सलाईनचं चाक फिरवणं आम्हाला नवीन नाही, सलाईन पटापट पडलं की सिस्टर चांगली आणि हळू सोडलं की "लक्षच देत नाहीत" अशी पब्लिकची पक्की समजूत आहे. पण त्या संध्याकाळचं अजून डोक्यातून जात नाहीये.

आप्पा तासगावकडचे. शुगरचा पाय, म्हणजे डायबेटिसमुळे चिघळलेली पायाची जखम. पू कल्चरला पाठवला तर एमआरएसए आला, नेहमीच्या अँटिबायोटिक्सना न जुमानणारा जंतू, म्हणजे पेनिसिलिन, सेफ्ट्रायॅक्सोन, मेरोपेनेम ही सगळी भावकी बाद. सरांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा रिपोर्ट, बघून व्हॅन्को (व्हॅन्कोमायसिन, या जंतूवर चालणारं अँटिबायोटिक) १ ग्रॅम लिहिलं. आता व्हॅन्कोला घाई चालत नाही. १ ग्रॅमची वायल २० एमएल स्टराईल वॉटरमध्ये विरघळवायची, मग २५० एमएलच्या एनएसमध्ये (साध्या सलाईनमध्ये) टाकायची आणि तासाच्या आत अजिबात संपवायचं नाही, मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या वर नाहीच, म्हणजे १ ग्रॅमला निदान शंभर मिनिटं. वेग आपोआप सांभाळणारे पंप सगळे आयसीयूत, वॉर्डला घड्याळ आणि डोळे. २० थेंबांना एक एमएल पडणारा सेट, शंभर मिनिटांत सोडायचं म्हणजे मिनिटाला ५४, सेकंदाला जेमतेम एक थेंब. मी ते घड्याळ लावून सेट केलं, दोनदा मोजलं आणि पलीकडच्या ड्रेसिंगला गेले.

परत येते तर आप्पा मान आणि छाती कराकरा खाजवतायत. उन्हात रापलेल्या अंगावर लाली कुठे पटकन दिसणार, पण कानाच्या पाळ्या तांबड्या झालेल्या आणि अंगाला हात लावला तर गरम. "पोरी, आग आग व्हाय लागलीया नुसती." वर बघितलं तर चेंबरमध्ये थेंब नाहीच, धार.

बंद केलं, डॉक्टरांना हाक मारली, ॲड्रिनलिनचा, म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीवरच्या इंजेक्शनचा, ट्रे उशाशी आणून ठेवला. ओठ-जीभ सुजलेली नाही, छातीत शिट्टी नाही, बीपी १३०/८०, सॅच्युरेशन ९८. पेनिसिलिनची खरी रिॲक्शन मी बघितलीय, तिथं बीपी असं थांबत नाही हो. ॲव्हिल, म्हणजे खाजेवरचं इंजेक्शन, दिल्यावर अर्ध्या तासात खाज गेली.

चाक आप्पांच्या पोरानं फिरवलेलं. "लई हळू पडाय लागलंतं सिस्टर, मला गावाकडं जायचंय, पहाटे द्राक्षाला दावण्याचं औषध मारायचंय." ओरडायलाच निघाले होते, पण म्हटलं, "दादा, टाकीभर औषध एकाच झाडाला मारता का?" गडी गप्प. त्याला जे एका वाक्यात कळलं ते आमच्या ड्युटी डॉक्टरांना कळेना. त्यांचं एकच, व्हॅन्को ॲलर्जी लिहून टाका, उगाच आपल्यावर नको. फाईलवर लाल स्टिकर लागलासुद्धा. मी म्हटलं सर, ही ॲलर्जी नाही, स्पीडची रिॲक्शन आहे, औषध भसकन गेलं की अंगात खाज-लाली आणणारं हिस्टामिन सुटतं, हळू दिलं की बहुतेकदा काही होत नाही. तर म्हणे, सिस्टर, तुम्ही नोट्स लिहा. लिहिल्या मग, सविस्तर लिहिल्या, रेट किती लावला होता, किती आढळला, व्हायटल्स काय होते, सगळं.

दुसऱ्या दिवशी राऊंडला मोठ्या सरांनी माझ्या नोट्स वाचल्या आणि तेच व्हॅन्को दोन तासांवर चालू केलं. काही झालं नाही, पुढचे सगळे डोस सुरळीत गेले, पोरगा स्वतः चाकाला हात लावू नका म्हणून शेजारच्या बेडवाल्यांना दरडावत होता.

पण स्टिकर कुणी काढला नाही. मी काढायला गेले तर इन्चार्ज म्हणाल्या, डॉक्टरांची सही आहे, आपण हात लावायचा नाही. आणि डिस्चार्ज कार्ड टाईप करणारा पोरगा ॲलर्जीचा रकाना फाईलच्या पहिल्या पानावरून उतरवतो, आतल्या नर्सिंग नोट्स इथं वाचतंय कोण. शुगरचा पाय म्हणजे माणूस परत ॲडमिट होणार हे जवळपास ठरलेलंच, तेव्हा कुणीतरी तो रकाना बघून व्हॅन्को बाजूला ठेवणार, त्याच जातीचं म्हणून टायकोप्लॅनिनलाही बिचकणार आणि लिनेझोलिड हे वेगळं अँटिबायोटिक लिहिणार, जे दोन आठवड्यांच्या वर गेलं की प्लेटलेट कमी होतायत का ते बघत बसायला लागतं. हे सगळं कशासाठी, तर द्राक्षाच्या फवारणीला जायची घाई होती म्हणून.

डिस्चार्जला माझा ऑफ होता, कार्डवर काय गेलं मी बघितलं नाही. फाईल रेकॉर्ड रूमला गेलीय, तिथल्या मामांना सांगून ठेवलंय काढून ठेवा म्हणून. ॲलर्जी लिहिलेलं असलं तर मोठ्या सरांकडून दुरुस्त करून घेऊन पोराला फोन करणार आहे, इन्चार्जना काय वाटायचं ते वाटू दे.